सेवा करतो, पण मन फुगतं: खानापूरकडच्या एका तरुण संघाच्या प्रश्नाला उत्तर

सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या तुमच्या ख्रिस्ती मंडळीचा तरुण संघ महिन्यातून दोन रविवार बेळगावच्या सिव्हिलमध्ये जाऊन रुग्णांना फळं वाटतो. याला वर्ष झालं. आता ग्रुपवर कोणाचा फोटो आला, कोणाचा नाही यावरून धुसफूस चालते, दोघं यायचे बंद झालेत, आणि सेवेबरोबर आपला गर्वही वाढला असं तुम्हाला स्वतःला वाटू लागलंय. रोज रात्री आत्मपरीक्षण करता, पण त्यातून 'मी वाईट' एवढंच हाती लागतं. नम्र व्हायचं कसं, आणि पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी ठेवावा का, असं विचारलंय.

नम्रपणा मनात शोधत बसू नका. तो पाळीपत्रकात, वहीत आणि कामाच्या निवडीत घालावा लागतो. काम कोणतं आहे, ते कोणी ठरवलं, ते कोणाला दिसतं आणि चुकलं तर आपल्याला कोण विचारू शकतं, एवढ्या गोष्टी बदला. मन मागून येतं, पण सावकाश येतं.

फळांपासून सुरुवात करू. फळवाटप वाईट नाही, पण ते देणाऱ्याच्या सोयीचं काम आहे. अर्ध्या तासात चाळीस खाटा होतात, पिशवी रिकामी होते, बरं वाटतं. आता खाटेवरच्या माणसाकडून बघा. ज्याची किडनी निकामी झालीय त्याला केळं, संत्रं, शहाळं देणं धोक्याचं असतं, कारण त्यातलं पोटॅशियम शरीराबाहेर जात नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मधुमेह्याला पिकलेलं केळं नको असतं. उद्या ऑपरेशन असलेल्याला रात्रीपासून तोंडाने काहीच द्यायचं नसतं, आणि त्याच्या उशाशी सफरचंद ठेवून आपण निघून येतो. म्हणून पहिला नियम: वॉर्डात शिरल्यावर आधी ड्यूटीवरच्या सिस्टरांना विचारायचं, कोणाला काय चालेल. त्यांना वेळ नसेल तर फळं रुग्णाला न देता सोबत असलेल्या नातेवाइकाला द्यायची.

सिव्हिलमध्ये खरी अडचण बहुतेक वेळा त्या नातेवाइकाचीच असते. चंदगड, खानापूर, जंगलातल्या वाड्यांवरून आलेली बाई चार-चार दिवस खाटेखाली चटई टाकून बसलेली असते. अंघोळ नाही, झोप नाही. औषध आणायला गेली तर रुग्णाजवळ कोणी नाही, आणि खिडकीवर बोलायचं तर कन्नड येत नाही. तिला दोन तास सुट्टी देणं ही सेवा आहे. तुमच्यातली एक मुलगी खाटेपाशी बसेल, बाई अंघोळ करून, दोन घास खाऊन, तासभर पडून येईल. याचा फोटो निघत नाही, सांगण्यासारखंही काही घडत नाही. दोन रविवारांत चाळीस खाटांच्या जागी चार खाटा होतील. संघातले काहीजण म्हणतील, काम कमी झालं. म्हणू द्या.

बसणाऱ्यासाठी काही गोष्टी पक्क्या ठरवून घ्या. बाईजवळ बाई, पुरुषाजवळ पुरुष. लहान मुलाजवळ कधीही एकट्याने बसायचं नाही, दोघं मोठी माणसं हवीत. सलाइनला, नळीला हात लावायचा नाही. संपत आली की सिस्टरांना सांगायचं. भरवायचं असेल तर विचारून, रुग्णाला बसता करून, छोटे घास, आणि खाल्ल्यावर अर्धा तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती. प्रार्थना त्याने मागितली तरच करायची, हळू आवाजात, शेजारच्या खाटेला न ऐकू जाईल अशी. न मागता केलेली प्रार्थना आणि फळांच्या पिशवीत घातलेली पत्रिका यांनी मदतीला आमिषाचा वास येतो. खाटेवर पडलेला माणूस 'नको' म्हणायच्या स्थितीत नसतो, हे विसरायचं नाही. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, परत आला एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका. उरलेल्या नऊ जणांचं बरं होणं त्याने काढून घेतलं नाही.

आता पाय धुण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात काय काय होतं ते क्रमाने वाचा. येशू शिष्यांसोबतच्या भोजनावरून उठतो. वरचं वस्त्र काढून ठेवतो. रुमाल कमरेला बांधतो. गंगाळात पाणी ओततो. पाय धुतो. त्याच रुमालाने पुसतो. पुन्हा वस्त्र घालून जागेवर बसतो, आणि मग बोलतो. बोलणं शेवटी आलंय. आपल्याकडे उलटं होतं: आधी भाषण, मग हार, मग वाटप. दुसरं, त्याला धरून देणारा यहूदा तिथेच होता आणि त्याचेही पाय धुतले गेले. लायक कोण याची छाननी झाली नाही. आणि तिसरं, पेत्राला पाय धुऊन घेणं जड गेलं. 'माझे पाय तू कधीच धुणार नाहीस' हे वाक्य नम्रपणासारखं वाटतं, पण येशूने ते चालू दिलं नाही. दुसऱ्याकडून घेता न येणं हाही गर्वच, फक्त कपडे बदललेला.

यावरून एक साधा उपाय. ज्यांची सेवा करता त्यांच्याकडून काहीतरी घ्या. चहा घ्या. त्यांच्या घरी बसून, त्यांच्या कपात. 'नको, आत्ताच झाला' हे आपल्याकडे सभ्यतेचं वाक्य आहे, पण कोणाच्या घरी ते वाक्य हटकून येतं आणि कोणाच्या घरी येत नाही, हे वहीत दोन महिने टिपून बघा. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या तरी जात चहाच्या कपात उरलेली असते. आत्मपरीक्षणात हा एक प्रश्न विचारला तर बाकीचे दहा विचारायची गरज पडणार नाही.

पाय धुणं ही नुसती खूण राहू नये असं वाटत असेल तर ते खरोखर शिका. गावात मधुमेहाची म्हातारी माणसं किती आहेत बघा. त्यांना वाकून स्वतःचे तळवे दिसत नाहीत, आणि पायाला जाणीव नसते म्हणून खिळा टोचला तरी कळत नाही. पंधरा दिवसांतून एकदा दोघांनी जाऊन पाय बघून-धुऊन यायचे, यापेक्षा नेमकी सेवा सांगता येणार नाही. कृती अशी: कोमट पाणी, आणि ते आपल्या कोपराने तपासायचं. रुग्णाला 'गरम आहे का' विचारून उपयोग नाही, त्याला कळतच नाही, आणि त्यातूनच भाजतं. पाय भिजत ठेवायचे नाहीत, साध्या साबणाने दोन-तीन मिनिटांत धुवायचे. बोटांच्या बेचक्या कोरड्या टिपायच्या, कारण बुरशी तिथे लागते. तेल लावायचं तर टाचेला आणि तळव्याला, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. कुरूप, घट्टे ब्लेडने कधीही काढायचे नाहीत. जखम, काळी पडलेली जागा, वास, एकच पाय गरम किंवा सुजलेला असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांचं मात्र वेगळं आहे. ते कोरडे पडून भेगाळतात, म्हणून ते साध्या, गार पाण्यात वीसेक मिनिटं भिजवायचे, घट्टा गुळगुळीत दगडाने हलका घासायचा आणि कातडी ओली असतानाच तेल लावायचं म्हणजे ओल आत राहते. उघडी जखम असेल तर आधी दवाखान्यात विचारायचं. औषधोपचार सुरू झालेल्या माणसाला हात लावल्याने रोग लागत नाही. हे संघातल्या पोरांना पुन्हा पुन्हा सांगा, कारण भीती असली की हात आखडतो आणि तो आखडलेला हात समोरच्याला लगेच कळतो. एकाला भिजवणं अपाय, दुसऱ्याला भिजवणं उपाय. मी प्रेमाने केलं म्हणजे बरोबरच केलं, हा सेवेतला सर्वांत हट्टी गैरसमज. ज्याला काम येतं त्याच्याकडून शिकायला लागणं हे नम्रपणाचं पहिलं काम. गावातल्या आशाताई (आरोग्य कार्यकर्त्या) दाखवतील, त्यांना बोलवा आणि तुम्ही विद्यार्थी होऊन बसा.

घरी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचंही तेच. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर या जागा बघायच्या. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे, तिथे चोळायचं नाही. आपण रात्रंदिवस जाणार नाही, ते घरची सून करणार. तेव्हा आपली सेवा म्हणजे तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी देणं. शक्यतो शनिवार, म्हणजे तिला बाजारालाही जाता येईल.

तुम्ही लिहिलंय की मराठी आणि कन्नड उपासनेच्या वेळेवरून मंडळीत नाराजी आहे आणि त्याचा सेवेशी संबंध नाही. आहे. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मंडळीतली सेवेची पहिली नेमणूक भाषेच्या भांडणातूनच झाली. ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी तक्रार खोटी पाडली नाही, 'आपण सगळे एकच' असं भाषणही केलं नाही. सात माणसं निवडली गेली, आणि त्या सातांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन... सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच बाजूच्या माणसांकडे वाटप सोपवलं. सीमाभागात राहणाऱ्या माणसाने हा उतारा भिंतीवर लावून ठेवावा.

तुमच्या संघात याचा अर्थ असा. मदत कोणाला जाते ही यादी सहा महिने मागे जाऊन काढा. घरी कन्नड बोलणारी घरं किती? नसतील तर पुढच्या सहा महिन्यांचं वाटप त्यांच्यातल्या दोघांकडे द्या. त्यांना सोबत घ्या असं म्हणत नाही, वहीच त्यांच्या हातात द्या. आणि तुमच्यातल्या प्रत्येकाने वॉर्डात लागणारी वीसेक कन्नड वाक्यं पाठ करावीत: दुखतंय का, पाणी हवं का, कोण आलंय सोबत, सिस्टरना बोलावू का. चुकीच्या उच्चाराने बोललात तर लोक हसतील. हसू देण्याची सवय लागेल, तीही उपयोगाची आहे. शोमरोनी माणसाचा दाखला आपण गोष्ट म्हणून सांगतो, पण तो ऐकणाऱ्या यहूदी माणसाला शेजारी म्हणून नेमका नको असलेला माणूसच पुढे केलाय.

भाषेचीच आणखी एक सेवा आहे, तिच्यात कसलाच मान नाही म्हणून ती सुचवतो: अर्ज भरणं. नाडकचेरीत (महसूल खात्याच्या कचेरीत) अर्ज कन्नडमध्ये, आजीची शाळेची कागदं मराठीत, आधारवर नाव तिसऱ्याच स्पेलिंगने. पासष्ट ओलांडलेल्या माणसाचं संध्या सुरक्षा योजनेचं पेन्शन नावाच्या एका अक्षरावरून अडून बसतं. कन्नड शाळेत शिकलेली पोरं आता प्रत्येक मंडळीत आहेत. दोघांनी महिन्यातून एक शनिवार आजी-आजोबांचे कागद बघावेत. रीत अशी: मूळ कागद आपल्या ताब्यात घ्यायचा नाही, झेरॉक्सवर काम करायचं. काय लिहिलंय ते वाचून, मराठीत सांगून, मगच अंगठा घ्यायचा. पावतीचा नंबर त्यांच्याकडच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहायचा. ओटीपी कोणालाही सांगू नका हे दर वेळी बजावायचं. आणि पैसे मिळायला लागले की 'आमच्यामुळे झालं' हे वाक्य गिळायचं. पेन्शन त्यांच्या हक्काचं आहे.

पुराच्या वेळी फसगत होते ती वेगळी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या तेव्हा मदत कमी नव्हती, पण तिच्यात जुने कपडे फार होते. जुने कपडे देताना आपलं कपाट रिकामं होतं, एवढं खरं. पाणी ओसरल्यावर हवी असतात ती घरातला चिखल उपसणारी माणसं: फावडी, घमेली, गमबूट, आणि भिजलेले कागद सुटे करून सावलीत वाळवणारे हात. असं संकट आलं तर आधी दोघांना पाठवा, काय हवं ते विचारून या, मग गाडी भरा.

आता पैसे आणि फोटो, लवकर उरकू. पैसे दोघांनी मोजायचे, दोघांनी सही करायची, आणि ते दोघं एका घरातले नसावेत. दर तीन महिन्यांनी हिशोब मंडळीसमोर. प्रेषित पौलाने यरुशलेमेच्या मंडळीसाठी गोळा केलेली वर्गणी एकट्याने नेली नाही, सोबत मंडळ्यांनी नेमलेली माणसं घेतली, आणि कारणही सांगितलं: कोणी बोट दाखवू नये म्हणून, देवासमोर आणि माणसांसमोरही. फोटो लागलाच तर सामानाचा, कामाचा. मदत घेणाऱ्याचा चेहरा नको आणि देणाऱ्याचाही नको. मत्तयात एकीकडे 'तुमचा प्रकाश लोकांसमोर पडो' आहे आणि पुढच्याच अध्यायात 'डाव्या हाताला कळू नये' आहे, म्हणून पोरं वाद घालतील. पहिल्या वचनात लोक चांगली कामं बघून पित्याचं गौरव करतात. तुमचा फोटो बघून लोक कोणाचं गौरव करतात ते खालच्या कमेंटांत लिहिलेलं असतंच.

आत्मपरीक्षणाकडे येतो. तुम्ही रात्री अंथरुणावर पडून दिवस आठवता. तिथेच चुकतंय. आडवं झाल्यावर एकतर झोप येते, नाहीतर मन उगाळत बसतं. बसून करा, दिवा चालू ठेवून, जेवणानंतर, पंधरा मिनिटं. संत इग्नाती लोयोला (१४९१–१५५६) यांनी घालून दिलेला क्रम आजही कॅथलिक मंडळ्यांत वापरला जातो आणि प्रॉटेस्टंटांनी वापरायला काहीच हरकत नाही. साधारण वाटणी अशी: पहिली तीन मिनिटं आभार, आणि तेही ठोस. 'सगळ्यासाठी धन्यवाद' नाही. 'दुपारी बसमध्ये जागा दिली त्या पोरासाठी' असं. मग एक मिनिट प्रकाश मागणं. स्तोत्र १३९ च्या शेवटी गाणारा देवालाच म्हणतो की तू माझी झडती घे. म्हणजे पोलीसही मीच, आरोपीही मीच असा तो प्रकार नाही. मग सहा मिनिटं सकाळपासून रात्रीपर्यंत दिवस चालून जायचा, ठिकाणानुसार: घर, बस, काम, वॉर्ड, परत घर. मग दोन मिनिटं क्षमा. शेवटची तीन मिनिटं उद्यासाठी, आणि तिथे एक माणूस आणि एक कृती लिहायची.

तुमचं 'मी वाईट' हे शेवटची तीन मिनिटं गाळल्याने होतं. पौल करिंथकरांना दोन प्रकारचं दुःख सांगतो, एक पश्चात्तापाकडे नेणारं आणि एक मरणाकडे. फरक ओळखायची सोपी खूण: खऱ्या पश्चात्तापाला माणसाचं नाव असतं, वेळ असते आणि दुरुस्ती असते. 'माझ्यात गर्व आहे' याने काही होत नाही. 'चार वाजता गाडीत मी धाकट्याला सगळ्यांसमोर म्हटलं, तुला काही जमत नाही' याचं काहीतरी करता येतं. एकच जुनं, क्षमा मागून झालेलं पाप तीन-चार रात्री सलग परत येत असेल तर एकट्याने लढू नका. पाळकसाहेबांना किंवा फादरांना भेटा. ते खुपणं बऱ्याचदा पापाचं नसून थकव्याचं किंवा आजाराचंही असतं, तेव्हा डॉक्टरही लागू शकतो.

विचारायचे प्रश्न सेवा करणाऱ्याला शोभतील असे घ्या. आज कोणाचं वाक्य मी मधेच तोडलं? कोणाचं नाव न विचारता काम केलं? जे केलं ते कोणाला सांगितलं, सांगायची गरज होती का? कोणाचं चांगलं काम ऐकून बारीक कळ आली? आणि हा एक, जो पुरुष मंडळी सहसा विचारत नाहीत: मी सेवेला गेलो तेव्हा माझ्या वाटणीचं घरचं काम कोणी केलं? रविवारी सकाळी सात वाजता निघालेल्या सेवकाचा डबा पाचला उठून कोणीतरी भरलेला असतो, गोठाही कोणीतरी झाडलेला असतो. त्या माणसाचं नाव तुमच्या संघाच्या अहवालात कधी आलं नाही. आधी दोन रविवार डबा स्वतः करा.

एकाच दोषावर काम करायची इग्नातींची आणखी एक पद्धत आहे, ती तुमच्यासारख्या नेमक्या माणसाला जमेल. एकच दोष निवडायचा, समजा 'स्वतःहून स्वतःचं काम सांगणं'. सकाळी उठल्यावर मनाशी ठरवायचं. चूक झाली की तिथल्या तिथे छातीवर हात न्यायचा, गर्दीतही कोणाच्या लक्षात येत नाही. दुपारी आणि रात्री हिशोब, वहीत दिवसाला दोन रेघा, आणि रेघेवर जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके. दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी ताडायची, आज कालशी, हा आठवडा मागच्याशी. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात. घाबरायचं नाही, आधी ते दिसत नव्हते. दोन दोष एकदम घेतले की दोन्ही सुटतात.

ही वही एकट्याची. पण एकट्याने केलेली झडती ढिली पडतेच, म्हणून सोबत लागते. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये लहान गटांसाठी नियम घालून दिले: आठवड्यातून एकदा भेटायचं, आधी एकाने स्वतःची स्थिती सांगायची, मग बाकीच्यांना क्रमाने विचारायचं. मागच्या भेटीपासून कोणती पापं जाणून केली, कोणते मोह आले, त्यातून सुटलात कसे. बेळगावातल्या मेथडिस्ट मंडळ्यांचा हा घरचाच वारसा, पण आता स्त्रीसमाज आणि तरुण संघ राहिले, ते प्रश्न गेले. कॅथलिकांकडे कुमसार (फादरांपाशी पापं कबूल करणं) आहे, तिथेही तयारीविना रांगेत उभं राहायची सवय लागलीय.

तुम्ही तिघाचौघांचा गट करा, बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. चाळीस मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. सर्वांत जुना सेवक आधी बोलेल आणि स्वतःबद्दलच बोलेल. दुसऱ्याने न मागता सल्ला द्यायचा नाही. घरच्यांच्या चुका सांगून आपल्या झाकायच्या नाहीत. 'बायको चिडली म्हणून मी' असं सुरू झालं की कोणीतरी फक्त 'तू?' एवढं म्हणावं. ऐकलेलं बाहेर जाता कामा नये, आणि इथे एक सापळा आहे: 'प्रार्थनेसाठी सांगते हं' म्हणून बातमी गावभर जाते. प्रार्थना विनंतीच्या नावाखाली चालणारी चहाडी सगळ्या मंडळ्यांना ओळखीची आहे. गुप्ततेला अपवाद एकच: लहान मुलाला किंवा कोणालाही इजा होत असेल तर गप्प बसायचं नाही, कायद्याने आणि ख्रिस्ताच्या शिकवणीनेही.

आता ते दोघं जे यायचे बंद झाले. येशू म्हणतो, अर्पण वेदीपाशी आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा. 'तुझ्या मनात' असं म्हटलेलं नाही, 'भावाच्या मनात' म्हटलंय. म्हणजे चूक कोणाची हे ठरायच्या आधीच निघायचं आहे. जायची रीत: फोन नाही, मेसेज नाही, घरी जा, एकटे जा. पहिल्या वाक्यात आपण काय केलं ते नावानिशी: 'ग्रुपवर तुझं नाव मी गाळलं.' दुसऱ्यात त्याला काय झालं असेल ते. तिसऱ्यात माफी. चौथ्यात काय बदलणार ते. 'पण' हा शब्द कुठेही आला तर माफी तिथेच संपली. 'तुला वाईट वाटलं असेल तर' हेही नको; ती माफी नसते, त्याच्या वाटण्यावर शंका असते. मग गप्प बसा आणि ऐका. परत यायचं आमंत्रण त्या दिवशी देऊ नका. पैशाचा व्यवहार अडकला असेल तर आधी पैसे. जकातदार जक्कयाने अन्यायाने घेतलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली होती, आपण निदान मुद्दल तरी वेळेवर द्यावं.

प्रत्येकाची पाळी सहा महिन्यांची ठेवा, मग दोन महिने सक्तीची सुट्टी, तुम्हालाही. येशूचा पाहुणचार करताना चिडलेल्या मार्थेला त्याने टोकलं ते काम केलं म्हणून नाही. 'अनेक गोष्टींविषयी चिंता करतेस' असं तिला म्हटलंय. आणि तुम्ही नसताना काम नीट चाललं तर कसं वाटतं ते बघा. त्या दोन महिन्यांत वहीत बरंच लिहायला मिळेल.

राहिला विधी. ठेवा, पण त्या दोघांना भेटून झाल्यावर, आधी नाही. बारा माणसं हवीतच असं नाही, बारा केली तरी चालेल. कॅथलिक उपासनेत स्त्रियांनाही घेता येतं असं पोप फ्रान्सिस यांच्या सांगण्यावरून जानेवारी २०१६ मध्ये निघालेल्या आदेशाने स्पष्ट झालं. मेथडिस्टांना तशी अडचण नव्हतीच. पंच कमिटीतली माणसं बसवू नका. चर्च झाडणाऱ्या बाई, कन्नड उपासनेतले कोणी आजोबा, ज्यांच्या घरी कोणी चहा घेत नाही असं कोणी, आणि एखादं पोर, असे घ्या. त्यांना आठवडाभर आधी घरी जाऊन विचारा, 'नको' म्हणाले तर आग्रह नको. मोजे-बूट आधी काढून बसायला सांगा, नाहीतर सगळं अडून राहतं. पाठ असलेल्या खुर्च्या, फरशीवर गोणपाट किंवा पायपुसणं, कारण ओली फरशी आणि म्हातारी माणसं हे जमत नाही. माणशी एक लिटर धरा, म्हणजे बाराला बारा लिटर कोमट पाणी, दोन बादल्यांत. ओतायला तांब्या, खाली गंगाळ, आणि ते दर तिघांमागे रिकामं करायला एक पोरगा. माणशी एक पंचा. बायकांचे पाय बायकांनी धुवावेत. पाळकसाहेबांचे गुडघे दुखत असतील तर छोटा पाट ठेवा. गाणं एकच, साधं. निवेदन नको, माइक बंद, फोन बाहेर. शेवटी पाळकसाहेबांचेही पाय कोणीतरी धुवावेत, आणि त्यांनी पेत्रासारखं 'नको' म्हटलं तर त्यांना तेरावा अध्याय आठवून द्यावा.

ओले बारा पंचे दुसऱ्या दिवशी कोण धुणार हे आधीच पाळीपत्रकात लिहा. शुभ शुक्रवारच्या गडबडीत ते सहसा चर्च झाडणाऱ्या बाईंवर पडतात, ज्यांचे पाय आदल्या रात्री धुतलेले असतात.